बंबकाका

बंबकाकांच्या गाडीत पुढे बसायचं तर पाय घरी ठेवून यावेत. सीटखाली, जिथे तुमच्याआमच्या गाडीत पाण्याची रिकामी बाटली आणि गेल्या वर्षीच्या पार्किंगच्या पावत्या लोळत असतात, तिथे त्यांनी पत्र्याची पट्टी स्क्रूने आवळून एक किलोचा लालभडक फायर एक्स्टिंग्विशर बसवलाय. पाय जरा मागे घेतले की टाच त्याच्यावर आपटते. टाच आपटली की काका समोरची नजर न काढता विचारतात, "काटा बघितलास?"

"कसला काटा?"

"हिरव्यात आहे ना?"

मग आपण पोट दुमडून खाली वाकायचं, सिलिंडरच्या मानेवरची रुपयाएवढी तबकडी शोधायची, आणि तिच्यातला काटा हिरव्या पट्ट्यात आहे असं मोठ्यांदा जाहीर करायचं. त्यानंतर किल्ली फिरते. पेट्रोलचा काटा तळाला टेकला असला तरी त्यांना फिकीर नसते. त्यांची जुनी सँट्रो ढकलत पंपापर्यंत नेण्याचा मान सोसायटीतल्या बहुतेक तरुणांना मिळालेला आहे.

असा माणूस तुमच्या ओळखीत नाही, असं म्हणू नका. तुमचा कदाचित जानेवारीत छत्री घेऊन फिरणारा असेल, किंवा लॉजच्या खोलीत शिरल्याशिरल्या मागचा जिना कुठे आहे ते बघून येणारा असेल. जात एकच. ही मंडळी संकटाची इतकी निष्ठेने वाट बघतात की ते येत नाही याचं आपल्यालाच वाईट वाटू लागतं. पण बाकीचे सटरफटर तयारी करणारे. शिट्टी, टॉर्च, दोरी, सुरी, सगळंच थोडंथोडं. आमचे बंबकाका एकनिष्ठ. आग एके आग.

आपल्याकडे खासगी गाडीत हे यंत्र ठेवायची सक्ती नाही. ती बस-टॅक्सीसारख्या प्रवासी वाहनांना. घरच्या गाडीबरोबर येतो तो प्रथमोपचाराचा डबा आणि रस्त्यावर मांडायचा धोक्याचा त्रिकोण. काकांच्या प्रथमोपचाराच्या डब्यात आता बडीशेप असते. त्रिकोण कुठे आहे ते काकूंना विचारावं लागतं. पण "पोलंडमध्ये सक्ती आहे, बेल्जियममध्ये आहे, ग्रीसमध्येसुद्धा आहे!" हे नळ स्टॉपच्या सिग्नलला उभं राहून ऐकलं नाही, असा त्यांचा एकही प्रवासी नसेल. "मग ग्रीसलाच बदली का नाही घेतलीत?" हे मागच्या सीटवरून काकू.

त्या काट्याचं पुढे पुढे फार झालं. फोन उचलला की काका 'हॅलो' म्हणेनासे झाले, "काय, काटा हिरव्यात?" एवढंच. पुतण्या मुलगी बघून आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघून काका म्हणाले, "हिरव्यात दिसतोय." शेजारच्या मुलाला दहावीला बेताचे मार्क पडले, तर "हिरव्यातच आहे, फक्त कडेला." एक्स्टिंग्विशरच्या तबकडीला हिरव्याच्या दोन्ही बाजूंना लाल असतं. डावीकडे गेला तर दाब उतरलाय, उजवीकडे गेला तर फाजील भरलाय. या एका तबकडीवर काकांनी अख्खी सोसायटी बसवली. खजिनदार डावीकडचे लाल, चेअरमन उजवीकडचे लाल. सेक्रेटरींना त्यांनी तबकडीवर घेतलंच नाही. "त्यांना काटाच नाही," म्हणाले. ('बंबकाका' हे नाव सेक्रेटरींनीच पाडलेलं आहे, हे इथे सांगितलेलं बरं.)

एकदा त्यांचा एक जुना मित्र आयसीयूत होता. भेटायच्या वेळेत आम्ही गेलो. सगळे कुजबुजत होते, कोणाला काय बोलावं कळत नव्हतं. काका मॉनिटरसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मित्राच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, हिरवं चालू आहे. मी बघितलं." मी शरमेने अर्धा झालो. पण त्या बाई त्या दिवशी पहिल्यांदाच जरा हसल्या, असं त्यांच्या मुलीने नंतर सांगितलं. काकूंना मात्र या काट्याचा राग आहे. "माझं बीपी कधी विचारलंत? त्या नळकांड्याचं रोज विचारता."

रविवारी सकाळी सात वाजता पार्किंगमध्ये बघावं. काका पट्टीतून सिलिंडर सोडवतात, उलटा करतात आणि तान्ह्या बाळाची ढेकर काढावी तसा खांद्यावर घेऊन थोपटतात. आतली पावडर गाडीच्या हादऱ्यांनी तळाला दबून बसते, ती मोकळी व्हावी म्हणून. महिन्यातून एकदा केलं तरी पुरतं, असं माहीतगार सांगतात. "ते ज्यांच्या गावात रस्ते आहेत त्यांच्यासाठी," असं काका सांगतात. यावर वाद घालता येत नाही.

कोणी नवी गाडी घेतली की काका हजर. बाकीचे पेढे खायला येतात. गाडीला हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, पुढे नारळ, सगळं यथासांग होतं, आणि मग काका पिशवीतून आहेर काढतात. लाल कागदात गुंडाळलेला असला तरी आकारावरून कळतंच. शुभकार्याच्या वेळी आगीचं नाव काढल्याबद्दल घरातल्या आजी मान फिरवतात. एका आजींनी तर सुनावलं, "आमचं लिंबू-मिरची दर शनिवारी बदलतं. तुमचं हे किती वर्षांनी बदलायचं?" काका क्षणभर निरुत्तर झाले. मग वही काढून त्यांनी लिहून घेतलं. लिंबाची देखभाल यंत्रापेक्षा नियमित होते, हे त्यांना मनापासून पटलं होतं.

हे वेड त्यांना लागलं विमा कंपनीत. मोटार क्लेम विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. टेबलावर जळालेल्या गाड्यांच्या फायली. प्रत्येक फायलीत सर्व्हेअरचा अहवाल आणि काळ्या सांगाड्याचे फोटो. गाडी का पेटते हे काकांना जेवढं माहीत आहे तेवढं ती बनवणाऱ्यालाही नसेल. पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरलेल्या उंदराने वायर कुरतडली. रस्त्याकडेच्या ॲक्सेसरीवाल्याने मूळ वायरिंग कापून त्यात म्युझिक सिस्टीम जोडली. फ्यूज सारखा उडतो म्हणून एका हुशार माणसाने त्याच्या जागी दुप्पट अँपियरचा बसवला. अनधिकृत गॅस किट. सर्व्हिसिंगनंतर इंजिनावर विसरलेलं तेलकट फडकं. एप्रिलात वाळक्या गवतावर तापल्या सायलेन्सरसकट उभी केलेली गाडी, आणि शेजारी सतरंजी टाकून बसलेलं कुटुंब. आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीसमोरची पेटती उदबत्ती. गणपतीबद्दल काकांची तक्रार नाही. उदबत्तीचं नाव काढलं की त्यांचा काटा उजवीकडे जातो.

2010 साली मुंबईत शोरूममधून घरी निघालेली कोरी नॅनो वाटेतच पेटली होती, ते पुष्कळांना आठवत असेल. आपण बातमी वाचून हळहळलो आणि चहा प्यायलो. काकांनी ते कात्रण अजून जपून ठेवलंय.

चौदा एप्रिलला काका सोसायटीत व्याख्यान देतात. त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी असते, तेव्हा माणसं जमतील हा हिशेब. आणि सुट्टी असल्यामुळेच माणसं जमत नाहीत. दोन वॉचमन, तीन-चार पोरं आणि ज्यांना काकूंनी दम देऊन आणलंय ते. विषय ठरलेला. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज फुटलं. पोटात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र, वर सोन्याच्या विटा. दुपारी धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. विझवायला गेलेले साठाहून जास्त अग्निशमन जवान गेले. म्हणून तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन. "दोन तास धुमसत होतं!" काका टेबलावर मूठ आपटतात. "दोन तास हातात होते!" त्यावर दरवर्षी मागून एकच प्रश्न येतो: सोन्याच्या विटा मिळाल्या का? काही पुढे गोदीतला गाळ काढताना मिळाल्या, असं काका नाइलाजाने सांगतात. मग सभेत जान येते, आजचा भाव निघतो, आणि व्याख्यान संपतं.

एका वर्षी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. पत्र्याच्या थाळ्यात कागद आणि चिंध्या, वर थोडं डिझेल. काका पिन उपसून पवित्रा घेऊन उभे. वॉचमनने काडी ओढली, वाऱ्याने विझली. दुसरी ओढली, तीही विझली. पेटी संपली, दुसरी आणवली. डिझेल काडीला सहजासहजी दाद देत नाही हे काकांना ठाऊक असायला हवं होतं. पण त्यांचा सगळा अनुभव दुसऱ्या टोकाचा. अखेरीस पोरं कंटाळून क्रिकेट खेळायला गेली. आग काही लागली नाही.

जेजुरीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पुतण्याचं लग्न झालं. नव्या जोडप्याने जेजुरीला जायचं, ही रीत. सँट्रोत मागे नवरानवरी आणि काकू, पुढे मांडीवर पाच वर्षांचा भाचा घेऊन नवरीचा भाऊ. दर्शन झालं, भंडारा उधळला, परत निघाले. सासवडच्या अलीकडे भाचा खाली घसरला आणि त्याने सिलिंडरच्या कडीत बोट घालून ओढलं. कडीत बोट घालून ओढायचं असतं, हे त्याला काकांनीच सकाळी शिकवलं होतं. मग दांडी दाबायची असते, तीही त्याने दाबली.

एसी चालू, काचा बंद. या जातीची पावडर फिकट पिवळी असते आणि तिला लपायला जागा लागत नाही. काकांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. दारं उघडली आणि आतून एकेक पिवळी आकृती खोकत बाहेर आली. नवरीचा शालू कोणत्या रंगाचा होता हे सांगायला फोटो काढावा लागला असता. समोरच्या टपरीवाल्याने हे बघितलं, हात जोडले आणि खणखणीत आवाजात "येळकोट!" केला. जेजुरीहून येणारी माणसं त्याने जन्मभर बघितलीत, पण देवाने इतकं भरभरून दिलेलं कुटुंब पहिलंच. चहाचे पैसे घेईना. सगळे शिंकत असताना काका एकटेच बाजूला मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे होते.

"आठ सेकंद," ते पुतण्याला म्हणाले. "पुरेपूर आठ चालला. माल चांगला होता."

पुढचा महिनाभर काका टूथब्रश घेऊन सीटबेल्टच्या फटी खरवडत होते, कारण ही पावडर राहिली तर धातू खाते. नवरीने तोंडातल्या तोंडात काय म्हटलं ते नोंदलेलं नाही. पण पुतण्याच्या गाडीत आज सिलिंडर आहे, आणि तो तिनेच मुलांचा हात पोचणार नाही असा बसवून घेतलाय.

इथवर मी माणूस रंगवला तो असा, की तुम्ही त्याला लांबूनच नमस्कार कराल. मीही तेच करत होतो. मग एका लग्नासाठी त्यांच्याबरोबर साताऱ्याला जावं लागलं.

खंबाटकी घाट चढताना वाहतूक अडली. पुढच्या वळणावर एक पांढरी गाडी, बॉनेटच्या कडांमधून धूर, आणि खालून मधूनच नारिंगी जीभ. गाडीतलं कुटुंब कठड्यापाशी. आणि आमच्यासारख्या गाड्यांतून उतरलेले वीसपंचवीस लोक हात वर करून उभे. प्रत्येक हातात मोबाइल. काकांनी सँट्रो लांबच थांबवली, हँडब्रेक ओढला, इंडिकेटर लावले. इतकं सावकाश, की मला वाटलं त्यांनी बघितलंच नाही. मग वाकून सिलिंडर सोडवला. पिनेला प्लास्टिकचं बारीक सील असतं, पिळून तोडायचं. ते तुटेना. दर रविवारी बाळासारखं थोपटलेल्या त्या यंत्रावर त्यांचा अंगठा दोनदा निसटला. शेवटी त्यांनी ते दाताने तोडलं आणि धावले. त्या वयाचा माणूस चढावर धावताना बघणं काही सुखाचं नाही.

गाडीचा मालक बॉनेटला हात घालत होता. "उघडू नकोस!" काका असे ओरडले की मोबाइलवाले हातही खाली आले. बॉनेट एकदम उघडलं की हवा आत जाते आणि भडका उडतो. काकांनी आत वाकून लिव्हर ओढला, बॉनेट बोटभर सुटलं, त्या फटीत नळी घातली आणि दांडी दाबली. पिवळा लोट, फुसफुस, धुराचा रंग बदलला. संपलं. रिकामा सिलिंडर त्या फटीवर रोखून काका तसेच उभे होते. पुन्हा पेट घेतला तर, म्हणून. पण पुन्हा पेट घेतला असता तर त्यांच्याकडे काही नव्हतं.

मालक सावरला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "काका, इंजिनात हे काय घातलंत? साफ करायचा खर्च किती येईल?"

"दोन दिवसांत धुऊन घे, नाहीतर गंजेल," काका म्हणाले. "बॅटरीची वायर काढून ठेव. इथून गाडी चालू करायची नाही, टो करून ने. आणि क्लेम फॉर्मवर 'आग आपोआप विझली' असं लिहू नकोस, तिथे अडवतात." त्या माणसाला त्यांनी बॉनेटवर कागद ठेवून, कोणत्या रकान्यात काय लिहायचं तेही सांगितलं.

गाडीत येऊन बसले तेव्हा स्टिअरिंगवरचे हात थरथरत होते. मी काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "फायलीत आग नेहमी विझलेलीच यायची रे." आणि एवढं बोलून किल्ली फिरवणार, तोच थांबले. "काटा बघ."

बघायचं काय त्यात. डावीकडे, तळाला.

साताऱ्यापर्यंत आम्ही ताशी तीसच्या वेगाने गेलो. काचा खाली, सीटबेल्टच्या बटणावर हात. ट्रकवाले शिव्या देत पुढे गेले. रविवार होता, रीफिल करणाऱ्याचं दुकान बंद. कार्यालयात पंगतीला बसले तेव्हा रिकामा सिलिंडर त्यांच्या टेबलाखाली होता, आणि वाढप्याच्या पायाला तो लागला की काका त्याची माफी मागत होते. म्हणजे वाढप्याची.

घाटातला व्हिडिओ खूप फिरला. त्यात आग आहे, धूर आहे, ओरडणारी बाई आहे. काकांचं उजवं कोपर आहे, तेही शेवटी. काकूंनी तो व्हिडिओ अजून पुसलेला नाही. आलेल्यागेलेल्याला तेवढ्या ठिकाणी थांबवून दाखवतात: "हे कोपर आमच्या ह्यांचं."

सोसायटीलाही जाग आली आणि हॉलमध्ये सत्कार ठेवला गेला. सेक्रेटरी बोलले, चेअरमन दीर्घ बोलले. शाल, श्रीफळ. काकांना उत्तरादाखल दोन शब्द बोला म्हणाले. काका उठले, पाठीमागे भिंतीवर सोसायटीचा स्वतःचा एक्स्टिंग्विशर टांगला होता, त्याच्याकडे वळले आणि त्याच्या गळ्यातली चिठ्ठी चष्मा वर करून वाचली. मग म्हणाले, "हा 2017 नंतर भरलेला नाही. काटाही लाल आहे." महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे, दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं 'नमुना ब' प्रमाणपत्र द्यावं लागतं, आपण ते कधी दिलं? असं काहीसं ते पुढे बोलत होते, पण तोवर समोसे आले होते.

सभेचं इतिवृत्त परवा नोटिसबोर्डावर लागलं. त्यातला मजकूर असा: 'अग्निशामक सिलिंडर रीफिल करण्याबाबत सत्कारमूर्तींनी सूचना मांडली. खर्चाचा विचार करता सदर विषय पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेत घेण्याचे सर्वानुमते ठरले. शाल, श्रीफळ व अल्पोपहारावर झालेल्या खर्चास मंजुरी देण्यात आली.'